विश्लेषण : तुमच्या ईएमआयवर सहा जणांचे मत! पतधोरण समितीत मतदान होते तरी कसे?

६ जून २०२५ चा शुक्रवार. सकाळी दहा वाजता रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी रेपो दरात थेट अर्ध्या टक्क्याची कपात जाहीर केली आणि काही सेकंदांत मोबाइलवर नोटिफिकेशनचा पाऊस पडला. बहुतेकांना पाव टक्का अपेक्षित होता. ‘गृहकर्ज स्वस्त होणार’ एवढे वाचून बहुतेकांनी पुढची बातमी उघडली. त्याच ठरावातली एक ओळ मात्र फारशी कुणी वाचली नाही. निर्णय पाच विरुद्ध एक मतांनी झाला होता. सौगत भट्टाचार्य या सदस्यांनी पाव टक्का कपातीच्या बाजूने मत दिले होते.

त्या एका मताची किंमत रुपयांत मांडता येते. ३० लाखांचे २० वर्षे मुदतीचे कर्ज ८.५० टक्क्यांनी असेल तर मासिक हप्ता साधारण २६,०३५ रुपये बसतो. दर ८.२५ टक्के झाला तर २५,५६२ आणि ८ टक्के झाला तर २५,०९३ रुपये. म्हणजे भट्टाचार्य यांचे म्हणणे बहुमताने मान्य झाले असते, तर अशा कर्जदाराला महिन्याला सुमारे ४७० रुपये जास्त भरावे लागले असते. दुसरीकडे, बँकेत १० लाखांची ठेव ठेवून व्याजावर घर चालवणाऱ्या आजी-आजोबांसाठी पाव टक्का म्हणजे वर्षाचे अडीच हजार रुपये. हा हिशेब सहा जण एका बैठकीत मत देऊन ठरवतात. त्या बैठकीचे नियम लोकसभेच्या कामकाजाइतके प्रसिद्ध नाहीत, पण खिशाशी त्यांचा संबंध जास्त थेट आहे.

समितीत कोण असते?

पतधोरण निर्धारण समिती, म्हणजेच एमपीसी, ही रिझर्व्ह बँक कायद्याने स्थापन झालेली समिती आहे. तीन सदस्य बँकेचे: गव्हर्नर, पतधोरणाची जबाबदारी असलेले डेप्युटी गव्हर्नर आणि बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाने नेमलेला एक अधिकारी. उरलेले तीन केंद्र सरकार नेमते. मात्र सरकारला मनात येईल त्याला बसवता येत नाही. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालील शोध व निवड समिती नावे सुचवते. नियुक्तीच्या दिवशी वयाची सत्तरी पूर्ण झालेली नसावी, खासदार-आमदार किंवा सरकारी नोकर नसावा, अशा अटी आहेत. या तिघांची मुदत चार वर्षांची असते आणि फेरनियुक्ती नाही. ‘फेरनियुक्ती नाही’ हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच घोळ घातला आहे.

वर्षातून किमान चार बैठका घेणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात साधारण दर दोन महिन्यांनी, म्हणजे सहा होतात. वेळापत्रक वर्षातल्या पहिल्या बैठकीच्या किमान एक आठवडा आधी जाहीर करावे लागते. बैठकीच्या आधी सात दिवस आणि नंतर सात दिवस सदस्यांनी धोरणाबद्दल जाहीरपणे बोलायचे नाही. बाजारात एखाद्या सदस्याच्या एका वाक्यावर रोखे वर-खाली होतात, म्हणून ही मौनाची अट.

पूर्वी कसे ठरायचे?

ऑक्टोबर २०१६ पर्यंत व्याजदराचा निर्णय एकट्या गव्हर्नरांचा असे. तज्ज्ञांची एक तांत्रिक सल्लागार समिती होती. तिचे ऐकायचे की नाही, हे गव्हर्नर ठरवत. ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल देऊन पाच सदस्यांच्या समितीची शिफारस केली. त्यानंतर रस्सीखेच सुरू झाली. जुलै २०१५ मध्ये केंद्राने ‘भारतीय वित्तीय संहिते’चा जो सुधारित मसुदा प्रसिद्ध केला, त्यात सात सदस्य होते आणि त्यातले चार सरकारने नेमायचे होते. म्हणजे रिझर्व्ह बँक स्वतःच्याच समितीत अल्पमतात. त्यावर बराच गदारोळ झाला. शेवटी २०१६ च्या वित्त कायद्यातून जी रचना आली, ती तीन-तीनची. बरोबरी झाली तर निर्णायक मत गव्हर्नरांचे. पहिली बैठक ३ आणि ४ ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि सहाच्या सहा मतांनी रेपो दर ६.२५ टक्क्यांवर आला.

गणपूर्ती झाली नाही तर?

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस ज्यांनी वाचली आहे, त्यांना शेवटची ओळ पाठ असेल. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होईल, नंतर त्याच ठिकाणी सुरू होईल आणि तेव्हा गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक सोसायट्या याच ओळीवर चालतात. एमपीसीच्या कायद्यात अशी पळवाट नाही. सहापैकी चार सदस्य हजर हवेत आणि त्यात गव्हर्नर हवेत. ते नसतील तर समितीवरचे डेप्युटी गव्हर्नर. चारपेक्षा कमी असतील तर बैठकच नाही.

हे कागदावरचे कलम सप्टेंबर २०२० मध्ये प्रत्यक्षात उतरले. पहिल्या तुकडीतले तिन्ही बाहेरचे सदस्य, म्हणजे चेतन घाटे, पामी दुआ आणि रवींद्र ढोलकिया, एकदमच नेमले गेले होते, त्यामुळे त्यांची मुदतही एकदमच संपली. फेरनियुक्तीला कायद्याची मनाई. २९ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर अशी बैठक वेळापत्रकात होती आणि सरकारने नवी नावे जाहीर केली नव्हती. समितीत उरले बँकेचेच तीन सदस्य. गणपूर्ती चारची.

रिझर्व्ह बँकेला बैठक पुढे ढकलल्याचे जाहीर करावे लागले. तो काळ आठवा. टाळेबंदी नुकती शिथिल होत होती, कर्जाचे हप्ते लांबवण्याची मुभा ३१ ऑगस्टला संपलेली आणि महागाई सहा टक्क्यांच्या वर. अशा वेळी देशाचा व्याजदर ठरवणारी समिती तीन खुर्च्या रिकाम्या म्हणून भरू शकली नाही. ५ ऑक्टोबरला आशिमा गोयल, जयंत वर्मा आणि शशांक भिडे यांची नावे आली आणि ७ ते ९ ऑक्टोबरला बैठक झाली. नव्या सदस्यांना नियुक्तीपासून पहिल्या बैठकीपर्यंत तयारीला मिळाले जेमतेम दोन दिवस.

जागा रिकामी राहिली म्हणून समितीचे कामकाज अवैध ठरत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे. एखादी जागा रिकामी असेल तर तिचा आधार घेता येतो. तीन रिकाम्या असतील तर गणपूर्तीचे कलम आडवे येते. चूक म्हणूनच कायद्यापेक्षा नेमणुकीच्या वेळापत्रकाची होती. मुदत कधी संपणार, हे चार वर्षे आधीपासून माहीत असते. बोर्डाच्या परीक्षेचे वेळापत्रक हातात असताना आदल्या रात्री पुस्तक उघडावे, तसला हा प्रकार.

तीन विरुद्ध तीन झाले तर?

प्रत्येक सदस्याला एक मत. हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने निर्णय. समसमान झाले तर गव्हर्नर दुसरे मत देऊ शकतात. म्हणजे बाहेरचे तिघे एका बाजूला आणि बँकेचे तिघे दुसऱ्या बाजूला गेले, तर जिंकणार बँक. गव्हर्नरांना हरवायचे तर बाकीच्या पाचपैकी चौघांनी एकत्र यायला हवे, आणि त्यात बँकेचा किमान एक अधिकारी आपल्या वरिष्ठाच्या विरोधात गेला पाहिजे.

असे अधिकारी असतात का? असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हा कार्यकारी संचालक असलेल्या मायकल पात्रा यांनी एकट्याने दरवाढीच्या बाजूने मत दिले होते आणि एप्रिलमध्ये ते पुन्हा दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये गव्हर्नर शक्तिकांत दास यांच्या पहिल्याच बैठकीत पाव टक्का कपात झाली. तेव्हा डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य कपातीच्या विरोधात होते, त्यांच्या जोडीला घाटे होते आणि निकाल चार विरुद्ध दोन लागला. साहेबाच्या विरोधात मत दिले म्हणजे करिअर संपले, असेही नाही. पात्रा पुढे डेप्युटी गव्हर्नर झाले.

बँक ऑफ इंग्लंडमध्ये नऊ सदस्य असतात आणि तिथे गव्हर्नर मर्व्हिन किंग यांचा ऑगस्ट २००५ मध्ये पाच विरुद्ध चार असा चक्क पराभव झाला होता. त्यांनी तो निर्णय राबवला आणि पदावर राहिले. आपल्याकडच्या ज्या विभागलेल्या मतदानांचा इथे उल्लेख आहे, त्या प्रत्येकात गव्हर्नर बहुमताच्या बाजूला आहेत.

‘हो’ आणि ‘नाही’च्या मधले मत

सोसायटीत लिफ्ट बसवायची की नाही, याला दोनच उत्तरे असतात. व्याजदराला अनेक असतात. मार्च २०२० मध्ये करोनाची चाहूल लागताच बैठक अलीकडे ओढण्यात आली. कपात करायची यावर सहाही जण सहमत होते. किती करायची यावर नव्हते. चौघे म्हणाले पाऊण टक्का. घाटे आणि दुआ म्हणाले अर्धा टक्का. ऑगस्ट २०१९ मध्ये तर चौघांनी ०.३५ टक्का असा अनोळखी आकडा निवडला आणि दोघांनी नेहमीचा पाव टक्का.

मते तीन गटांत विभागली आणि कोणाकडेच बहुमत नसले तर? ऑगस्ट २०२५ मध्ये लंडनला हेच झाले. चौघांना पाव टक्का कपात हवी होती, चौघांना दर जैसे थे हवा होता आणि एकाला थेट अर्धा टक्का कपात. बँक ऑफ इंग्लंडच्या समितीला इतिहासात पहिल्यांदाच दुसरी फेरी घ्यावी लागली. अर्धा टक्कावाले सदस्य पाव टक्क्याकडे सरकले आणि पाच विरुद्ध चारने कपात झाली. आपल्या कायद्यात दुसऱ्या फेरीचा शब्दशः उल्लेख नाही. सहा जणांची मते दोन-दोन-दोन अशी फुटली, तर गव्हर्नरांचे जादा मत टाकूनही आकडा तीनच्या पुढे जात नाही. ही गणिताची शक्यता आहे, कल्पनाविलास नाही.

दराबरोबर ‘पवित्र्या’वरही वेगळे मतदान होते. पवित्रा म्हणजे पुढच्या बैठकांत समिती कुठल्या दिशेने झुकेल याचा इशारा: उदार, तटस्थ वगैरे. कायद्यात समितीचे काम महागाईचे लक्ष्य गाठण्यासाठी लागणारा धोरण दर ठरवणे एवढेच सांगितले आहे, तरी बाजार पवित्र्याकडेही तितक्याच कान टवकारून पाहतो. जयंत वर्मा यांनी ऑगस्ट २०२१ पासून दरावर बहुमताबरोबर आणि उदार पवित्र्यावर विरोधात, असे मत अनेक बैठकांत दिले. मे २०२२ मध्ये समितीला अचानक बैठक बोलावून दर वाढवावा लागला, तेव्हा त्या विरोधाचा अर्थ अनेकांना उशिरा कळला.

हरलेल्या मताचे काय होते?

इथे एमपीसीची रचना आपल्याकडच्या इतर अनेक सरकारी समित्यांहून वेगळी आणि चांगली आहे. बैठकीची चर्चा गोपनीय असते, मत नसते. प्रत्येकाचे मत त्याच्या नावासमोर नोंदवले जाते. प्रत्येकाने आपण असे मत का दिले, याचे लेखी निवेदन द्यायचेच. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी हे सगळे इतिवृत्तात प्रसिद्ध होते. ‘समितीने सर्वानुमते ठरवले’ असे लिहून मोकळे होण्याची सोय कोणालाच नाही.

त्यामुळे हरलेले मत कचऱ्यात जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांनी पाव टक्का कपात मागितली आणि ते चार विरुद्ध दोनने हरले. ऑक्टोबरमध्ये तिन्ही बाहेरचे सदस्य बदलले. नागेश कुमार, सौगत भट्टाचार्य आणि राम सिंह आले. डिसेंबरमध्ये नागेश कुमार आणि राम सिंह यांनी तीच मागणी केली. पुन्हा चार विरुद्ध दोन, पुन्हा हार. तोवर जुलै ते सप्टेंबर २०२४ या तिमाहीचा विकासदर ५.४ टक्क्यांवर घसरल्याचे समोर आले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सहाच्या सहा जणांनी कपातीला मत दिले आणि मे २०२० नंतर पहिल्यांदा रेपो दर खाली आला.

दोन वेगवेगळ्या तुकड्यांतले दोन-दोन सदस्य तेच सांगत होते आणि बहुमताला तिथे पोहोचायला सहा महिने लागले. ऑगस्टचे दोघे बरोबर होते आणि चौघे चुकले, असा निकाल यातून काढता येत नाही. भाज्यांची महागाई तेव्हा खरोखर जोरात होती आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाई सहा टक्क्यांच्या वर गेली होती. पण घर घेण्याच्या विचारात असलेल्या, किंवा ठेव एक वर्षाची करावी की पाच वर्षांची, अशा पेचातल्या माणसाला चार-दोन हा आकडा बातमीच्या मथळ्यापेक्षा जास्त काही सांगत होता.

दर बदलला नाही, अशी बातमी आली की बहुतेक माध्यमे, डिजिटल डेस्कही त्यात आलेच, ‘दिलासा नाही’ एवढा मथळा देऊन थांबतात. सहा-शून्यने ‘बदल नाही’ आणि चार-दोनने ‘बदल नाही’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

सरकारला मत आहे का?

नाही. सरकारला आपले म्हणणे समितीला कळवायचे असेल, तर ते लेखी कळवावे, असे कायदा सांगतो. जून २०१७ मध्ये अर्थ मंत्रालयाने बैठकीआधी सदस्यांना भेटीचे निमंत्रण दिले होते. सर्व सदस्यांनी ते नाकारल्याचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी पत्रकार परिषदेत सांगितले. बाहेरचे तिघे सरकारनेच नेमलेले होते, हे इथे विसरू नये.

समितीच्या मतदानाला येतच नाहीत अशाही गोष्टी आहेत. जून २०२५ मध्ये अर्ध्या टक्क्याच्या कपातीबरोबरच रोख राखीव प्रमाण ४ वरून ३ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. बँकांच्या हाती त्यातून सुमारे अडीच लाख कोटी रुपये येणार होते. तो निर्णय रिझर्व्ह बँकेचा. त्यावर सहा जणांचे मतदान नाही. एकाच भाषणात, एकाच आवाजात दोन्ही घोषणा होतात, म्हणून ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

एक पत्र, जे कुणी वाचलेले नाही

वेळापत्रकाबाहेर बैठक घेण्याचा अधिकारही कायद्यात आहे. २ आणि ४ मे २०२२ ला अशी बैठक झाली. रेपो दर एकमताने ४ वरून ४.४० टक्के झाला. एलआयसीचा आयपीओ सर्वसामान्यांसाठी खुला झाला, तो हाच ४ मे. दुपारी घोषणा आली आणि सेन्सेक्स १,३०० हून अधिक अंकांनी कोसळला.

दुसरी वेगळी बैठक त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला झाली. तिच्यात दर ठरवायचाच नव्हता. महागाई चार टक्क्यांवर ठेवायची, खाली-वर दोन टक्क्यांची मुभा, हे लक्ष्य समितीला दिलेले आहे. सलग तीन तिमाहींत सरासरी महागाई या पट्ट्याबाहेर राहिली तर रिझर्व्ह बँक अपयशी ठरली, असे मानले जाते. तेव्हा कारणे काय, उपाय काय आणि लक्ष्य कधी गाठणार, याचा अहवाल बँकेने सरकारला द्यायचा असतो. २०२२ च्या पहिल्या तीन तिमाहींत ती वेळ आली. बैठक झाली, पत्र गेले. ते जाहीर मात्र झाले नाही. जाहीर करा असे कायदा म्हणत नाही आणि हा दोन संस्थांमधला विशेषाधिकाराचा पत्रव्यवहार असल्याची भूमिका घेण्यात आली.

ही विसंगती खटकणारी आहे. सहा जणांनी पाव टक्क्यावर काय मत दिले, ते चौदाव्या दिवशी नावानिशी कळते. ज्या वर्षी किराण्याचे बिल हाताबाहेर गेले, त्या वर्षी बँकेने स्वतःच्या अपयशाची काय कारणे दिली, ते कळत नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांना महागाई लक्ष्यापासून एक टक्क्याहून जास्त दूर गेली की अर्थमंत्र्यांना लिहावे लागते आणि ते पत्र प्रसिद्ध होते. कायद्यात एक वाक्य घालून आपल्याकडेही हे होऊ शकते.

दुसरी दुरुस्ती आणखी सोपी आहे. तीन बाहेरच्या सदस्यांच्या मुदती एकत्र संपू नयेत. एक यंदा, दुसरा पुढच्या वर्षी, तिसरा त्यानंतर, असे टप्पे पाडले तर गणपूर्ती कधीच अडणार नाही आणि एकदम तीन नवखे सदस्य बसण्याची वेळही येणार नाही. २०२४ मध्ये पुन्हा थोडक्यात निभावले. नवी नावे १ ऑक्टोबरला आली आणि बैठक ७ ऑक्टोबरला सुरू झाली. आताच्या तिघांची चार वर्षे पुन्हा एकाच वेळी संपणार आहेत, ऑक्टोबर २०२८ च्या सुरुवातीला, म्हणजे समितीची बैठक साधारणतः असते त्याच आठवड्यात.